मिक्सरवरची बटणं समजून घेताना हमखास पडणारे प्रश्न

हे प्रश्न मला सतत येतात. कुणी नुकताच मिक्सर घेतलेला असतो, कुणाच्या गळ्यात ऐनवेळी साउंडची जबाबदारी पडलेली असते, आणि कुणी वर्षानुवर्षं मिक्सर चालवतोय पण त्यातल्या दोन-तीन बटणांना अजून हातच लावलेला नसतो. वाचताना एक गोष्ट डोक्यात ठेवा: कुठलंही बटण समोर आलं की आधी ते सिग्नलच्या वाटेत कुठे बसलंय ते बघायचं, त्याच्या आधी काय येतं आणि नंतर काय येतं. बराचसा गोंधळ तिथेच मिटतो.

१. समोर शंभरेक नॉब आहेत, बघूनच घाबरायला होतं. सुरुवात कुठून करू?

एका चॅनलपासून. मिक्सरवर जे उभे पट्टे दिसतात त्यातला प्रत्येक पट्टा म्हणजे एक चॅनल, आणि माईकचे सगळे पट्टे सारखेच असतात, त्यामुळे मिक्सर १६ चॅनलचा असला तरी शिकायचा एकच पट्टा, बाकीचे त्याच्याच प्रती. सिग्नल वरून आत येतो आणि खाली उतरत जातो: माईकची पिन, मग गेन, लो कट, ईक्यू (आवाजाचा जाड-बारीकपणा बदलणारे नॉब), ऑक्स, पॅन (आवाज डावी-उजवीकडे वाटणारा नॉब) आणि शेवटी म्यूट आणि फेडर (वरखाली सरकणारी दांडी). तिथून तो उजवीकडच्या मास्टर भागात जातो, तिथे सगळे चॅनल एकत्र होऊन मेन आउटमधून बाहेर पडतात. छापलेला क्रम आणि आतला क्रम दरवेळी जुळतोच असं नाही, ऑक्सचं तर वेगळंच असतं, ते प्रश्न ९ मधे बघा. एक माईक, एक हेडफोन घेऊन बसा आणि बोलता बोलता एकेक नॉब फिरवून बघा, अर्ध्या तासात भीती जाते.

२. गेननंही आवाज वाढतो आणि फेडरनंही. मग दोन कशाला दिलेत?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि हा कळला की अर्धा मिक्सर कळला.

माईकमधून येणारा सिग्नल फार बारीक असतो, काही मिलिव्होल्टचा, बऱ्याचदा त्याहूनही कमी. मिक्सरच्या आतलं सगळं काम लाईन लेव्हलवर चालतं, व्यावसायिक उपकरणांत ती +४ डीबीयू म्हणजे साधारण १.२३ व्होल्ट धरतात. माईकच्या त्या बारीक सिग्नलला उचलून या पातळीवर आणणं हे गेनचं काम. फेडर येतो सगळ्यात शेवटी, आणि तो फक्त एवढंच ठरवतो की या तयार सिग्नलमधला किती भाग मेनला पाठवायचा.

गेन कमी ठेवून फेडर वर ताणला तर सिग्नलबरोबर मिक्सरची स्वतःची सूं सूं पण वर येते. गेन जास्त ठेवून फेडर खाली ओढला तर आवाज वाटेतच फाटलेला असतो, आणि एकदा फाटलेला आवाज फेडर कितीही खाली घेतला तरी नीट होत नाही, फक्त हळू फाटका ऐकू येतो. म्हणून कुणी म्हणालं की आवाज फाटतोय तर फेडरकडे बघू नका, गेनकडे बघा.

आणखी एक, जे बरेच जण विसरतात. गेननंतर जे काही आहे त्या सगळ्यावर गेनचा परिणाम होतो, म्हणजे मॉनिटरवर (गाणाऱ्याला स्वतःचं ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेला स्पीकर) सुद्धा. कार्यक्रम चालू असताना गाणाऱ्याचा आवाज कमी वाटला म्हणून गेन फिरवला तर समोरच्यांना आवाज वाढलेला मिळेल हे खरं, पण त्याच क्षणी स्टेजवरचा मॉनिटर पण तेवढाच वाढेल आणि शिट्टी बसेल (स्पीकरचा आवाज परत माईकमधे शिरून कर्कश घुमतो ती, म्हणजे फीडबॅक). साउंडचेक झाला की गेनला हात लावायचा नाही, त्यानंतर फेडर.

३. मग गेन नेमका किती ठेवायचा?

आकडा विचारू नका, माईक बदलला, माणूस बदलला की आकडा बदलतो. पद्धत सांगतो. फेडर खाली, ईक्यूचे नॉब मधे, त्या चॅनलचं पीएफएल दाबा (ते काय असतं ते प्रश्न ११ मधे) आणि गाणाऱ्याला त्याच्या खऱ्या जोरात गायला सांगा. "हॅलो चेक, वन टू" वर गेन लावू नका, कारण तोच माणूस गाताना तिप्पट जोर लावतो. अॅनालॉग मिक्सरवर मीटर ० च्या आसपास खेळला पाहिजे, जोरात सूर लागला की +६ पर्यंत गेला तरी हरकत नाही, लाल लाईट मात्र लागता कामा नये. चॅनलवरचा लाल पीक लाईट सहसा आवाज फाटायच्या थोडा आधीच लागतो, म्हणजे एकदा चुकून चमकला तर घाबरू नका, पण प्रत्येक ओळीला चमकत असेल तर गेन खाली घ्या.

काही जण उलट करतात: फेडर आधी ० वर ठेवतात आणि हॉलमधे आवाज जेवढा हवा तेवढा गेन वाढवतात. छोट्या मिक्सरवर, जिथे फेडर जेमतेम बोटभर लांब असतो, तिथे ही रीत चालते आणि ती चूकही नाही. पण त्याच मिक्सरवरून रेकॉर्डिंग पण करायचं असेल तर मी पहिलीच रीत घेईन.

४. फेडरवर शून्य तळाला नाही, जवळपास वर आहे. हे काय प्रकरण आहे?

ते ० म्हणजे "जेवढं आलं तेवढंच पुढे". वाढ नाही, घट नाही. वरती सहसा +१० पर्यंत जागा असते आणि खाली उणे आकडे उतरत जातात, अगदी तळाला आडवा आठ, म्हणजे पूर्ण बंद.

खुणांमधलं अंतर नीट बघा. ० च्या आसपास ५ आणि १० च्या खुणा ऐसपैस मोकळ्या असतात आणि तळाशी २०-२० चे टप्पे दाटीवाटीनं चिकटलेले असतात. म्हणजे ० जवळ फेडर थोडा सरकवला तर एक-दोन डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) फरक, आणि तळाशी तेवढाच सरकवला तर आवाज एकदम गायब नाहीतर एकदम अंगावर. म्हणून फेडर ० च्या आसपास राहतील असा गेन लावायचा. डीबीचा अंदाज हवा असेल तर: ६ डीबी वाढले की व्होल्टेज दुप्पट होतं, पण कानाला "दुप्पट मोठं" वाटायला साधारण १० डीबी लागतात.

५. +४८ लिहिलेलं बटण दाबलं तर माझा साधा माईक जळेल का?

साधा डायनॅमिक माईक आणि नीट जोडलेली तीन पिनची केबल असेल तर नाही. हे फँटम पॉवर. ४८ व्होल्ट पिन २ आणि पिन ३ दोन्हींवर सारखेच चढतात, त्यामुळे डायनॅमिकच्या कॉइलला दोन टोकांत फरकच दिसत नाही आणि तिच्यातून करंट वाहत नाही. कंडेन्सर माईकला मात्र हे व्होल्ट लागतातच, त्याशिवाय तो मुका राहतो.

जपायचं कुठे ते सांगतो. जुने रिबन माईक, आत चुकीची जोडलेली केबल, आणि कीबोर्ड किंवा दुसऱ्या मिक्सरचं आउटपुट माईकच्या पिनमधे लावलेलं असेल तर फँटम बंद ठेवा. छोट्या मिक्सरवर सगळ्या चॅनलना मिळून एकच +४८ चं बटण असतं, त्यामुळे एका कंडेन्सरसाठी चालू केलं की बाकी सगळ्या माईकच्या पिनांवर पण ४८ व्होल्ट जातात. चालू-बंद करताना चॅनल म्यूट करा आणि नंतर पाच-दहा सेकंद थांबा, नाहीतर जो धप्प आवाज येतो तो स्पीकरलाही नको आणि कानालाही नको.

६. पॅड आणि तो रेघ मारलेला गोल, यांचा कधी उपयोग होतो का?

पॅड येणारा सिग्नल गेनच्या आधीच कमी करतो, बहुतेक ठिकाणी २० डीबीनं. गेन तळाला नेऊनही लाल लागतोय, असं ड्रमजवळच्या माईकला होतं, तेव्हा पॅड दाबायचा.

रेघ मारलेला गोल म्हणजे पोलॅरिटी उलटी. एकट्या माईकवर दाबून काही फरक कळणार नाही. एकाच ड्रमला वरून एक आणि खालून एक माईक लावला की कातडं एका माईकच्या दिशेनं जातं तेव्हा दुसऱ्यापासून लांब जातं, दोन्ही सिग्नल एकमेकांना खातात आणि आवाज पोकळ होतो. खालच्या माईकला हे बटण दाबा, दोन्ही फेडर वर ठेवून ऐका, ज्यात आवाज भरीव तेच ठेवा.

७. लो कट कुठे लावू?

जिथे खालचे सूर लागत नाहीत तिथे सगळीकडे. ठरावीक लो कट सहसा ७५, ८० किंवा १०० हर्ट्झला असतो, त्याच्या खालचं तो उतरवत नेतो: स्टेजवरची धपधप, माईक हातात घेताना होणारी खडखड, पंख्याचा वारा, तोंडातून सुटलेला "प" चा फटका. बोलणं आणि गाणं यांच्या चॅनलवर मी डोळे झाकून दाबतो. तबल्याचा डग्गा, बास गिटार, किक ड्रम यांना नाही.

८. ईक्यूचे नॉब सगळे मधे ठेवले तर चालतं का, की काहीतरी लावायलाच हवं?

मधे ठेवले तर ईक्यू काहीच करत नाही आणि बऱ्याच वेळा तेच बरोबर असतं. आवाज नीट येत नसेल तर आधी माईक सरकवा, तोंडाच्या जवळ आणा, दिशा बदला, मग ईक्यूकडे या.

साधारण मांडणी अशी: वर "हाय", जो १० ते १२ किलोहर्ट्झच्या वरचा पट्टा एकत्र उचलतो किंवा दाबतो, खाली "लो", जो ८० च्या आसपास आणि त्याखाली काम करतो, आणि मधे "मिड". मिडला दोन नॉब असतील तर एक जागा शोधतो, दुसरा तिथे किती वाढवायचं-कमी करायचं ते ठरवतो. नेमका हाच जागा शोधणारा नॉब फिरवून लोक म्हणतात "काहीच होत नाही", कारण दुसरा नॉब मधेच असतो. आधी दुसरा थोडा वाढवा, मग जागा फिरवा, आवाज जिथे सगळ्यात घाण वाटेल तिथे थांबा आणि तिथेच कमी करा. हे शांतपणे साउंडचेकला करायचं, भरलेल्या हॉलमधे नाही, कारण वाढवून फिरवताना शिट्टी बसू शकते.

गळ्याच्या आवाजासाठी ढोबळ जागा: मडक्यातून बोलल्यासारखं वाटत असेल तर २०० ते ४०० हर्ट्झ, नाकातून येतंय असं वाटत असेल तर १ किलोहर्ट्झच्या आसपास, शब्द कळत नसतील तर २ ते ४ किलोहर्ट्झ, "स" टोचत असेल तर ५ ते ८. हे आकडे शोध कुठून सुरू करायचा एवढ्यापुरतेच, शेवटी कान.

९. ऑक्सला "प्री" आणि "पोस्ट" असं लिहिलंय, कुठलं घ्यायचं?

ऑक्स म्हणजे त्याच चॅनलमधून निघणारी दुसरी वाट. मेन मिक्सला हात न लावता प्रत्येक चॅनलमधला थोडा थोडा आवाज वेगळीकडे पाठवायचा, म्हणजे स्टेजवरच्या मॉनिटरला किंवा रिव्हर्बला (आवाजाला घुमारा देणारा इफेक्ट). ही वाट फेडरच्या आधी फुटते की नंतर, एवढाच प्री आणि पोस्टमधला फरक.

मॉनिटरला प्री. गाणाऱ्याला त्याचा आवाज जेवढा हवा तेवढा एकदा लावून दिला की तुम्ही समोरच्यांसाठी फेडर कसाही हलवा, त्याच्या मॉनिटरला धक्का लागत नाही. रिव्हर्ब, एको, डिलेला पोस्ट, कारण फेडर खाली घेतला की त्याबरोबर रिव्हर्ब पण खाली जायला हवा. एका कार्यक्रमात मी नेमकं हे उलटं झालेलं पाहिलं, मॉनिटर पोस्टवर होता. निवेदिका बोलायला आली की चालवणारा तिचा फेडर वर घ्यायचा, तिच्या पायाशी ठेवलेला मॉनिटर पण वाढायचा आणि शिट्टी सुरू, मग घाईनं फेडर खाली, मग तिला स्वतःचं काही ऐकू येईना म्हणून ती माईकवर ओरडायची. अख्खा कार्यक्रम असाच गेला. चॅनलवरचं एक इवलंसं बटण होतं, तेवढं दाबलं असतं तर सुटलं असतं.

दोन गोष्टी मिक्सरगणिक बदलतात, त्या तपासून घ्या. पहिली, म्यूट दाबल्यावर प्री ऑक्स बंद होतो की चालू राहतो. दुसरी, प्री ऑक्स ईक्यूच्या आधी फुटतो की नंतर. आणि रिव्हर्ब जर चॅनलमधून परत आणला असेल तर त्या चॅनलचा रिव्हर्बला जाणारा ऑक्स पूर्ण बंद ठेवा, नाहीतर रिव्हर्ब स्वतःलाच पुन्हा पुन्हा खात घुमत सुटतो.

१०. पॅन मधेच ठेवायचा ना?

बोलणं आणि मुख्य गाणं मधे. हॉलमधे निम्मे लोक एकाच स्पीकरच्या बाजूला बसलेले असतात, त्यामुळे एखादं वाद्य पूर्ण डावीकडे टाकलं तर उजवीकडच्यांना ते जवळपास मिळतच नाही. थोडं इकडे-तिकडे ठीक. ग्रुप (अनेक चॅनल एकत्र करून एका फेडरवर आणणारी वाट, प्रश्न १२) असलेल्या मिक्सरवर पॅनचं आणखी एक काम असतं: १-२ चं बटण दाबलं की पॅन डावीकडे असेल तर ग्रुप १, उजवीकडे असेल तर ग्रुप २. हे माहीत नसेल तर ग्रुप १ चा फेडर खाली घेऊनही अर्धा आवाज चालूच का, हे कोडं पडतं.

११. पीएफएल, एएफएल, सोलो हे सगळं एकच ना?

नाही. पीएफएल म्हणजे फेडरच्या आधीचं ऐकणं, फक्त तुमच्या हेडफोनला आणि मीटरला, हॉलला काही कळत नाही. फेडर खाली असला तरी ऐकू येतं, म्हणून गेन यावर लावायचा. एएफएल फेडरच्या नंतरचं, म्हणजे मिक्समधे ते जेवढं आहे तेवढं, ते पण हेडफोनपुरतंच.

धोका तिसऱ्याचा. काही मिक्सरवर "सोलो इन प्लेस" असतं, ते दाबलं की मेनमधून बाकी सगळे चॅनल बंद होतात आणि तो एकच ऐकू येतो. स्टुडिओत मिक्स करताना उपयोगाचं, चालू कार्यक्रमात सगळा आवाज एका क्षणात गायब. अनोळखी मिक्सर समोर आला तर लोक यायच्या आधी सोलो दाबून मेनवर काय होतं ते बघून ठेवा.

१२. ग्रुप आणि व्हीसीए किंवा डीसीए, दोन्हीत एका फेडरनं अनेक चॅनल हलतात. फरक काय?

ग्रुपमधून आवाज खरोखर वाहतो: चार कोरसचे माईक एकत्र होतात, ग्रुपच्या फेडरमधून जातात, मग मेनला. म्हणून ग्रुपवर चौघांना मिळून एक कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार आवळणारं उपकरण) लावता येतो. व्हीसीए किंवा डीसीएमधून आवाज जातच नाही, तो लांबून त्या चारही चॅनलची पातळी हलवणारा नुसता रिमोट आहे.

फरक दिसतो रिव्हर्बवर. ग्रुप खाली घेतला तर कोरस जातो पण त्यांचा रिव्हर्ब मागे तरंगत राहतो, कारण रिव्हर्बची वाट चॅनलवरूनच फुटलेली असते. डीसीए खाली घेतला तर चॅनलच खाली गेल्यासारखे होतात आणि पोस्ट ऑक्सचा रिव्हर्ब पण सोबत जातो.

ग्रुप वापरताना हमखास होणारी चूक: चॅनलला ग्रुपचं बटण दाबलेलं आणि मेनचं पण दाबलेलंच. मग तोच आवाज दोन वाटांनी मेनला पोचतो, जास्त मोठा येतो आणि ग्रुपचा फेडर पूर्ण खाली घेतला तरी बंद होत नाही. एकच वाट ठेवा.

१३. शिट्टी बसली की आधी कशाला हात घालू?

ज्या चॅनलची शिट्टी आहे त्याच्या फेडरला, आणि कळत नसेल तर मेन थोडा खाली. शिट्टी मॉनिटरची असेल तर फेडर हलवून काही होणार नाही, त्या ऑक्सचा मास्टर खाली घ्या (का ते प्रश्न ९). मग उघडे पडलेले माईक म्यूट करा: उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टी बसायच्या आधी मिळणारी जागा साधारण ३ डीबीनं कमी होते. चार माईक चालू आणि बोलतोय एक, तर ६ डीबी उगाच घालवले. ईक्यूनं कापणं हा शेवटचा उपाय, कारण जे कापता ते गाण्यातून पण जातं.

१४. फोनवरून गाणं लावलं तर वाद्यं ऐकू येतात पण गाणाऱ्याचा आवाजच नाही! मिक्सर बिघडलाय का?

मिक्सर ठणठणीत आहे. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी फोन बदलला, गाणं बदललं, सगळीकडे तेच: तबला-ढोलक लांबून, गाणाऱ्याच्या आवाजाची नुसती रिव्हर्बची सावली. जॅक अर्धा बाहेर ओढला तर गाणारा परत यायचा, पूर्ण आत ढकलला की गायब.

कारण असं की फोनच्या केबलच्या जॅकवर टोकाला डावा आवाज असतो आणि मधल्या कड्यावर उजवा. माईक चॅनलचा लाईन जॅक बॅलन्स्ड असतो, तो टोक आणि कडं यातला फक्त फरक घेतो, म्हणजे डावा वजा उजवा. गाणाऱ्याचा आवाज दोन्हीकडे सारखाच मिसळलेला असतो, वजाबाकी केली की शून्य. कडेला टाकलेली वाद्यं तेवढी उरतात. उपाय: एका टोकाला फोनचा जॅक आणि दुसऱ्या टोकाला दोन सुटे मोनो जॅक अशी केबल घ्या आणि ते दोन जॅक स्टिरिओ चॅनलच्या डाव्या-उजव्या पिनला लावा. स्टिरिओ चॅनल नसेल तर दोन साधे चॅनल वापरा, एक पॅन डावीकडे, एक उजवीकडे.

१५. डिजिटल मिक्सरवर हेच सगळं लागू होतं का?

वाट तीच, मोजपट्टी वेगळी. अॅनालॉग मीटरवर ० च्या वरही थोडी जागा असते, डिजिटल मीटरवर ० म्हणजे छत, त्यापुढे काही नाही. म्हणून तिथे सरासरी उणे १८ च्या आसपास ठेवतात. "डिजिटलवर मीटर फार खाली दिसतो" म्हणून गेन ढकलू नका, तो तिथेच असायला हवा.

दुसरं, फेडर आता लेयरप्रमाणे काम बदलतात. "सेंड्स ऑन फेडर" (फेडरनंच ऑक्सला किती जायचं ते ठरवायची सोय) चालू राहिलं आणि तुम्ही मेन समजून फेडर खाली घेतलात तर प्रत्यक्षात कुणाचातरी मॉनिटर बंद केलात. फेडरला हात लावायच्या आधी स्क्रीनवर कुठला लेयर आहे ते बघा.

तिसरं, स्टेजबॉक्स (माईक जोडायची स्टेजवरची पेटी) एक आणि मिक्सर दोन (एक हॉलसाठी, एक मॉनिटरसाठी) असतील तर गेन दोघांचा एकच असतो. एकानं फिरवला की दुसऱ्याचं सगळं बदलतं. तेव्हा गेन एकाच्याच हातात ठेवायचा, दुसऱ्यानं डिजिटल ट्रिम वापरायचा, तो फक्त त्याच्याच मिक्सरपुरता चालतो.

१६. चॅनलचा मीटर हलतोय पण स्पीकरमधून काहीच नाही. कुठे शोधू?

मीटर हलतोय म्हणजे माईक, केबल, गेन इथपर्यंत सगळं ठीक, आता वाटेनं खाली उतरत जा. चॅनल म्यूट आहे का, फेडर वर आहे का, मेनचं (काही ठिकाणी एल-आर लिहिलेलं) बटण दाबलंय का. ग्रुपला पाठवलाय तर ग्रुपचा फेडर वर आहे का आणि त्या ग्रुपचं मेनला जायचं बटण दाबलंय का. डीसीए किंवा म्यूट ग्रुप कुठे दाबून राहिलाय का. इन्सर्टच्या पिनमधे (चॅनलच्या मधेच बाहेरचं उपकरण जोडायची जागा) कुणी जॅक खुपसून ठेवलाय का, कारण जॅक पूर्ण आत गेला की सिग्नल बाहेरच्या उपकरणाकडे जातो आणि ते परत पाठवत नसेल तर पुढे शांतता. शेवटी मेन फेडर आणि मेनचा मीटर.

मेनचा मीटर पण हलत असेल तर मिक्सर सोडा, पुढच्या केबल आणि स्पीकर तपासा. आणि तपासताना केबल काढायची-लावायची असेल तर आधी स्पीकरचा अँप बंद, मग हात. चालू करताना मिक्सर आधी अँप शेवटी, बंद करताना अँप आधी मिक्सर शेवटी.